दुकानात स्क्रीन लावण्याआधी काच, ऊन आणि अंतर मोजा

पुण्यातल्या एका साडीच्या दुकानात दर्शनी काचेमागे ५५ इंची टीव्ही लावला होता. घरगुतीच, पण नामवंत कंपनीचा, चित्र अगदी स्वच्छ. संध्याकाळी दिवे लागले की येणारेजाणारे थांबून पैठणीचे व्हिडिओ बघत. पण दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपारी तीननंतर काचेत साडी दिसेनाशी व्हायची आणि समोरची इमारत, रिक्षा, उभ्या केलेल्या दुचाक्या दिसायच्या. मालकांनी ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवला, फरक पडला नाही. एप्रिलमध्ये पडद्याच्या मधोमध काळपट डाग येऊ लागला. ऊन उतरलं की तो नाहीसा व्हायचा. मे संपता संपता उभ्या रेघा आल्या आणि त्या मात्र गेल्या नाहीत. वॉरंटीसाठी फोन केला, तर कार्डावर ‘केवळ घरगुती वापरासाठी’ असं छापलेलं निघालं.

मालकांनी पैशात हात आखडता घेतला नव्हता. त्यांना टीव्ही विकणाऱ्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, एवढंच. स्क्रीन कुठे लागणार, तोंड कोणत्या दिशेला, दिवसाला किती तास चालणार, बघणारा किती लांब उभा असणार, हे काहीच नाही. या व्यवसायात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की स्क्रीनची निवड जागेपासून सुरू होते, आणि पुरवठादार जाणकार आहे की नाही हे त्याच्या प्रश्नांवरून कळतं.

काचेत नेमकं काय घडतं

यासाठी दोन मापं माहीत असली की पुरे. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. पडद्यातून किती उजेड आपल्या डोळ्यांकडे येतो ते निटमध्ये. दुकानाच्या आत साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर दुपारच्या उन्हात तोच १ लाख लक्सच्या घरात जातो. आणि घरगुती टीव्ही साधारणपणे २५० ते ४०० निटचा असतो.

आता त्या साडीच्या दुकानाचं गणित करू. समोरच्या फिकट रंगाच्या भिंतीवर कलत्या उन्हाचा ६०,००० लक्स उजेड पडतो आणि त्यातला ६० टक्के ती परत फेकते, असं धरा. हा उजेड सगळीकडे पसरतो, म्हणून ६०,००० ला ०.६ ने गुणायचं आणि ३.१४ ने भागायचं. भिंतीची उजळता येते सुमारे ११,५०० निट. साध्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परततो. ११,५०० चे ८ टक्के म्हणजे ९०० निटच्या थोडं वर. रस्त्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काचेवर ९०० निटची भिंत दिसते आणि तिच्या मागे ४०० निटचा टीव्ही. भिंतच जिंकणार.

म्हणून काचेमागे, रस्त्याकडे तोंड करून लावायच्या स्क्रीन २,५०० ते ३,००० निटच्या बनवतात. त्यांची किंमत साध्या स्क्रीनच्या कितीतरी पट असते, वीजही जास्त लागते. रात्री तोच उजेड डोळ्यांना टोचतो, म्हणून आसपासचा प्रकाश ओळखून आपोआप मंद होणारा सेन्सर त्यात हवाच. काही कोटेशनमध्ये निटचा आकडा ‘काचेशिवाय’ मोजलेला असतो. पुढे संरक्षक काच बसवली की आकडा उतरतो. कोणता आकडा लिहिलाय, हे विचारून घ्यावं.

पण एवढा खर्च करण्याआधी जागा बदलता येते का ते बघावं, असं मी नेहमी सुचवतो. त्या दुकानात शेवटी स्क्रीन काचेपासून काढून आत, दारातून शिरताच समोर दिसेल अशा भिंतीवर नेली. तिथे ५०० निटची स्क्रीन दिवसभर छान दिसते. काचेत पुन्हा साड्याच लावल्या.

काळ्या डागाचं कारण उष्णता. एलसीडी पडद्यात द्रवस्फटिक असतात. ते वीज मिळेल तसे वळतात आणि मागच्या दिव्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. ठरावीक तापमानाच्या पुढे, साध्या पॅनेलमध्ये साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे, हे स्फटिक आपली रचना सोडून साध्या द्रवासारखे होतात आणि तेवढा भाग काळा पडतो. बंद काचेच्या कपाटात, थेट उन्हात, पडद्याचा पृष्ठभाग तिथवर तापू शकतो. उन्हात लावण्यासाठी बनवलेल्या पॅनेलमध्ये ११० अंशांपर्यंत टिकणारे स्फटिक वापरतात. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ च्या वर जातं, आणि बहुतेक साध्या स्क्रीनच्या माहितीपत्रकात चालवण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. तिकडच्या दुकानदारांनी तो एक आकडा आधी वाचावा.

टीव्ही आणि कमर्शियल स्क्रीन

दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून ‘जास्त पैसे कशाचे?’ हा प्रश्न रास्त आहे. घरगुती टीव्ही दिवसाला सहा-आठ तास चालेल असं धरून बनवलेला असतो. कमर्शियल स्क्रीनवर १६/७ किंवा २४/७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रोज १६ तास किंवा अखंड. मागचे दिवे, वीजपुरवठ्याचा भाग, उष्णता बाहेर टाकायची सोय हे सगळं त्या हिशेबाने केलेलं असतं. पडद्यावर खरखरीत लेप असतो, त्यामुळे छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पसरून फिकट होतं. माहितीपत्रकात याला हेझ म्हणतात. चांगल्या स्क्रीनमध्ये ते २५ ते ४४ टक्क्यांपर्यंत असतं, तर घरगुती टीव्हीचा पडदा बहुधा चकचकीतच.

उभी लावायची असेल तर टीव्हीचा विचार सोडूनच द्यावा. आडव्या टीव्हीत गरम हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाते. तोच उभा केला की झरोके बाजूला जातात आणि उष्णता एका कोपऱ्यात साठत राहते. आणखी एक गोष्ट मला गोव्यातल्या एका हॉटेलात कळली. उन्हाचा गॉगल घातलेल्या पाहुण्यांना स्वागतकक्षातली उभी स्क्रीन जवळजवळ काळी दिसायची. गॉगलच्या पोलराइज्ड काचा आणि एलसीडीतून येणारा उजेड एकमेकांना छेद देत होते. बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्या स्क्रीनमध्ये यावर एक जादा थर बसवलेला असतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटणारा फरक साधा आहे. वीज जाऊन परत आली की कमर्शियल स्क्रीन आपोआप चालू होते आणि आपल्याच जाहिरातीवर येते. टीव्ही बऱ्याचदा लाल दिवा लावून थांबतो किंवा चॅनेलची यादी दाखवत बसतो. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या तालुक्याच्या गावी दर वेळी शिडी लावून, रिमोट शोधून स्क्रीन चालू करायला माणूस लागतो. शिवाय कमर्शियल स्क्रीनचा रिमोट आणि बटणं कुलूपबंद करता येतात, आणि दहा शाखांमधल्या स्क्रीन नेटवर्कवरून एका जागी बसून चालू-बंद करता येतात.

ओएलईडी, म्हणजे मागच्या दिव्याशिवाय प्रत्येक ठिपका स्वतः पेटणारा पडदा. त्याचे रंग सुंदर दिसतात, पण एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो. मेनू बोर्ड, दवाखान्यातला टोकन नंबर, बँकेचे व्याजदर अशा कामांना ते घेऊ नये. बाजूने बघणारेही असतील, म्हणजे ओपीडीत तीन बाजूंना बाकं असतील, तर आयपीएस प्रकारचं एलसीडी पॅनेल मागावं. बाजूने बघितल्यावर त्याचे रंग उतरत नाहीत.

एलईडी वॉल आणि देवनागरी

मोठं चित्र हवं असेल तर एलसीडी सोडून एलईडी वॉलकडे यावं लागतं. इथे मागे दिवा आणि पुढे पडदा असं काही नसतं. प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे पिच, आणि ते मिलिमीटरमध्ये सांगतात. पी १० म्हणजे १० मिलिमीटर, पी २.५ म्हणजे अडीच. एका चौरस मीटरमध्ये पी १० चे १०,००० ठिपके बसतात आणि पी २.५ चे १,६०,०००. किंमत ठिपक्यांबरोबर चढते.

ढोबळ नियम असा की पिच जेवढ्या मिलिमीटरचा, निदान तेवढे मीटर लांबून बघावं. पी ५ ची वॉल पाच मीटरच्या पुढून एकसंध दिसते, जवळून ठिपके मोजता येतात. मंगल कार्यालयाच्या रंगमंचामागे, जिथे पहिली रांग तीन-चार मीटरवर बसते, तिथे पी २.५ किंवा पी ३ योग्य. हमरस्त्यावरच्या पंचवीस मीटर लांबच्या बोर्डाला पी २.५ घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जो विक्रेता ‘बारीक पिच तेवढा चांगला’ एवढंच सांगतो, त्याला बघणारा कुठे उभा आहे हे माहीत नसतं.

आता आपल्या लिपीबद्दल, कारण हे मराठी दुकानदारांना कोणी सांगत नाही आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. दुकानांच्या माथ्यावर लाल अक्षरं सरकत जाणाऱ्या एलईडी पट्ट्या आपण रोज बघतो. त्या बहुतेक पी १० मॉड्यूलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या तयार तुकड्यांच्या, असतात. एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं, म्हणजे ३२ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. इंग्रजी कॅपिटल अक्षर ७ ठिपक्यांच्या उंचीतही वाचता येतं. देवनागरीला शिरोरेषा हवी, तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार किंवा ऋकार. हे सगळं १६ ठिपक्यांत कोंबलं की मूळ अक्षराला जेमतेम नऊ-दहा ठिपके उरतात. ‘कृष्ण’ आणि ‘स्त्री’ यांचा गुंता होतो. याला उपाय सोपा आहे. एकावर एक दोन मॉड्यूल लावून ३२ ठिपक्यांची उंची घ्यायची. खर्च वाढतो, पण नाव वाचता येतं, आणि बोर्ड लावला तो त्यासाठीच.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. बोर्डावर मजकूर पाठवणाऱ्या स्वस्त कंट्रोलरबरोबर येणारं मोबाइल अॅप देवनागरी टाइप करू देतं, पण अक्षरं जोडत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त दिसतो. खरेदीआधी पुरवठादाराला त्याच कंट्रोलरवर एक ओळ टाइप करून दाखवायला सांगा: ‘दुसऱ्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध’. ‘ऱ्या’मधला अर्धा र, ‘स्त्री’, ‘ज्ज्ञ’ आणि ‘ब्ध’ नीट उमटले तर बाकीचं बहुधा उमटेल. ‘ल’ कडे नीट बघा, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. जमत नसेल तर मजकूर संगणकावर चांगल्या फॉन्टमध्ये लिहून चित्र म्हणून चढवावा. हा मार्ग हमखास चालतो. मात्र रोज बदलणाऱ्या भावांसाठी तो कंटाळवाणा ठरतो.

अक्षराच्या उंचीचाही अंदाज असू द्या. दर तीन मीटर अंतराला किमान २५ मिलिमीटर उंची, असा सर्वसाधारण नियम आहे. देवनागरीला मी त्याच्या दीडपट धरतो.

एलईडी वॉल पसंत करताना मोबाइलचा कॅमेरा समोर धरावा. चित्रात काळ्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, कमी आहे. १,९२० हर्ट्झच्या वॉलवर त्या दिसू शकतात, ३,८४० हर्ट्झवर सहसा दिसत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तिथे यावर तडजोड करू नये.

बाहेर लावायचं असेल तर

बाहेरच्या वॉलवर आयपी ६५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ५ म्हणजे पाण्याच्या झोताने बिघडणार नाही. पुष्कळदा ६५ फक्त पुढच्या बाजूला असतं आणि मागची बाजू ५४ ची. गच्चीवर उघड्यावर लावायची असेल तर मागचा आकडा विचारायलाच हवा. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू असतो, खारी हवा. आयपीचा आकडा तिच्याबद्दल काही सांगत नाही. मॉड्यूलच्या सर्किटवर संरक्षक लेप आहे का, फ्रेम गॅल्व्हनाइज्ड आहे का, नटबोल्ट स्टेनलेस आहेत का, हे वेगळं विचारावं लागतं.

आणि वजन. लोखंडी कॅबिनेटची, म्हणजे मॉड्यूल बसवायच्या खोक्यांची, बाहेरची वॉल चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास भरते. सहा बाय तीन मीटरची वॉल म्हणजे १८ चौरस मीटर, सातशे किलोंच्या वर, फ्रेम वेगळी. त्यावर वाऱ्याचा दाब. १३ मे २०२४ रोजी वळिवाच्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. मुंबई महापालिका ४० बाय ४० फुटांच्या वर परवानगी देत नव्हती आणि ते होर्डिंग सुमारे १२० बाय १२० फुटांचं होतं. आपला बोर्ड लहान असला तरी त्याच्या खालून माणसंच जातात. फ्रेमचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावं, त्याचं प्रमाणपत्र फाइलला लावावं आणि महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना आधी घ्यावा. वेल्डरच्या अंदाजावर हे काम सोडू नये. इथे वाचवलेल्या पैशाचं मला कधीच समर्थन करता आलेलं नाही.

माणूस कसा ओळखायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत स्क्रीन, मॉड्यूल, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग), कंट्रोलर सगळं सुटं मिळतं. तिथले काही विक्रेते अतिशय जाणकार आहेत. पण माल विकणं आणि काम उभं करणं हे दोन वेगळे धंदे आहेत. काम उभं करणाऱ्याला इंटिग्रेटर म्हणतात. चार-पाच स्क्रीनच्या वरचं किंवा भिंतभर एलईडीचं काम असेल तर इंटिग्रेटरच हवा. सप्टेंबरच्या सुमारास मुंबईत इन्फोकॉम इंडिया हे या क्षेत्राचं प्रदर्शन भरतं. मोठी खरेदी करायची असेल तर एक दिवस काढून तिथे फिरावं. वेगवेगळे पिच, वेगवेगळे निट एकाच दिवशी शेजारी शेजारी बघायला मिळतात, आणि कागदावरचे आकडे मग डोळ्यांना कळतात.

त्या साडीच्या दुकानाकडे नंतर जो पुरवठादार आला, त्याने फोनवर दर सांगायला नकार दिला. तो दुपारी साडेतीनला आला, आधी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला, मोबाइलवर फोटो काढले, मग आत येऊन अर्थिंग तपासलं आणि विचारलं, “व्हिडिओ कोण बदलणार?” मालकांनी सांगितलं, मुलगी बदलेल, ती कॉलेजात आहे. मग त्याने पेनड्राइव्हचा पर्याय बाजूला ठेवून मोबाइलवरून बदलता येईल अशी व्यवस्था सुचवली. हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवाळीची ऑफर संक्रांतीपर्यंत झळकत राहिलेल्या स्क्रीन मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एक-दोन स्क्रीन असतील तर सॅमसंगच्या टायझन किंवा एलजीच्या वेबओएससारखी स्क्रीनमध्येच असलेली प्रणाली पुरते, मजकूर चालवणारा वेगळा प्लेअर लागत नाही. शाखा जास्त असतील तर ब्राइटसाइनसारखा वेगळा प्लेअर आणि सगळीकडचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर लागतं. झिबोसारखं मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही आहे, पण ते चालवायला संगणकाची जाण असलेला माणूस हवा. इंटरनेट तुटलं तरी प्लेअरमध्ये साठवलेला मजकूर चालू राहतो का, हे केबल काढून बघावं.

पुरवठादार दाखवेल त्या नव्याकोऱ्या कामापेक्षा त्याचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं काम बघायला जा, भर दुपारी, त्याला बरोबर न घेता. मालकाशी बोला. बिघाड झाला तेव्हा माणूस किती दिवसांत आला, हे तो सांगेल.

कोटेशनवर नुसतं ‘५५ इंच कमर्शियल’ लिहिलेलं असेल तर परत पाठवावं. पूर्ण मॉडेल नंबर हवा. तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तास, निट, तापमान स्वतः वाचता येतं. जमिनीवर उभ्या ठेवायच्या डिजिटल स्टँडीच्या बाबतीत हे विशेष जपावं, कारण चकचकीत पत्र्याच्या खोक्यात कधी कधी साधं टीव्हीचं पॅनेल आणि अँड्रॉइड बोर्ड असतं. मालावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपवर तपासता येतो. एलईडीच्या माहितीपत्रकात आयुष्य १ लाख तास लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा तेवढ्या तासांनी उजेड निम्मा होतो असा असतो, तोही आदर्श परिस्थितीत. उन्हातान्हातल्या बोर्डाचा हिशेब त्यावर मांडू नये.

वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा ती जागेवर येऊन दुरुस्तीची आहे की स्क्रीन सर्व्हिस सेंटरला न्यायची आहे, हे आधी विचारावं. पंधरा फुटांवरची स्क्रीन उतरवायला मचाण लागतं, मजुरी लागते. ती कोण देणार, हे लेखी हवं. एलईडी वॉल घेताना त्याच बॅचची चार-पाच टक्के जादा मॉड्यूल बरोबरच मागून घ्यावीत. वर्षभराने आणलेल्या मॉड्यूलचा पांढरा रंग जुन्याशी जुळत नाही, आणि वॉलवर एक चौकोन कायम ठिगळासारखा दिसत राहतो. वॉल चालवणारं कंट्रोल कार्ड नोव्हास्टार किंवा कलरलाइटसारखं सर्वत्र मिळणारं असावं, म्हणजे उद्या हा पुरवठादार नसला तरी दुसऱ्याला ते उघडता येईल.

काम संपल्यावर वायरिंगचा नकाशा, वॉलची कॉन्फिगरेशन फाइल, सॉफ्टवेअरचा पासवर्ड आणि जादा मॉड्यूलचं खोकं ताब्यात घ्यावं. ही फाइल नसल्यामुळे एका मंगल कार्यालयाची वॉल ऐन लग्नसराईत चार दिवस बंद राहिलेली मी पाहिली आहे. कार्ड बदललं होतं, पण कॅबिनेट कोणत्या क्रमाने जोडलेत ते कोणालाच माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरचं खातं दुकानाच्या ईमेलवर उघडलेलं असावं, पुरवठादाराच्या नव्हे. पैशाचे शेवटचे दहा टक्के आतल्या स्क्रीनसाठी महिनाभर सुरळीत चालल्यावर द्यावेत. बाहेरची वॉल असेल तर पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचे, असं ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो ही अट मान्य करतो, फार तर एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, दर त्याच वेळी ठरवून घेतो.